रकाना नऊ : अंदाजे किंमत

८ नोव्हेंबर

आले एकदाची. वरोऱ्याला रेल्वेतून उतरले, तिथून भद्रावतीची एसटी, आणि पुढे मोहर्लीच्या वाटेवर अर्धा तास ऑटो. ऑटोवाल्याने आधी सफारीचं गिऱ्हाईक समजून तोंडाला येईल ते भाडं सांगितलं. मी देवानंदभाऊंच्या घरची म्हटल्यावर निम्म्याहून खाली आला आणि वर पिशव्याही दारापर्यंत आणून दिल्या. घासाघीस करून सुरू झालेला प्रवास मला शुभ वाटतो.

देवानंद माझे थोरले काका. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आणि दिवाळीच्या आधी झोपेतच गेले. बाबा नाहीत, तेव्हा वारस आम्ही दोघंच: मी आणि धाकटा हेमराज. हेमराजचं नागपुरात मोबाइलचं दुकान आहे आणि त्याला कधीच सवड नसते. मग नाशिकहून कोण येणार, तर माधवीताई.

घर मात्र मला आवडलं. तीन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, मागे परसातून थेट गावचा तलाव. धानाची कापणी चालू आहे, सगळीकडे तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा वास. शेजारच्या रंभाबाईंनी घर झाडून, माठ भरून ठेवला होता. त्यांचा नवरा डोमा तलावात मासे धरतो. दुपारी त्यांनी झिंग्यांचा रस्सा आणि भात आणून दिला. मी दोनदा मागून घेतला.

काम एकच आहे. आजोबांचं जुनं मिलिटरी रिव्हॉल्वर काकांकडे होतं. काका गेले तसा परवानाही रद्द झाला. वारसांना ८ डिसेंबरपर्यंत मुदत आहे: हत्याराची ओळख पटवून नमुना भरा आणि विल्हेवाट लावा, नाहीतर बेकायदा हत्यार बाळगल्याचा गुन्हा. माझ्यावर गुन्हा म्हणजे माझं विमा सर्वेअरचं लायसन्स रद्द, म्हणजे वीस वर्षांचा धंदा संपला. पण जळालेली गोदामं आणि पुरात गेलेले ट्रक यांची किंमत ठरवण्यात माझा जन्म गेला आहे. एका जुन्या लोखंडाची किंमत ठरवायला आठ दिवस पुष्कळ झाले. उरलेले दिवस तलावाकाठी लोळेन म्हणते.

९ नोव्हेंबर

सापडलं. कपाटात नाही, पेटीत नाही, धानाच्या कोठीत खोल पुरलेलं होतं. कोपरापर्यंत हात घालून काढलं. लाल चौकड्यांच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं. काळपट, जाडजूड, मुठीच्या टोकाला दोरी अडकवायची कडी. गंज फारसा नाही. माझ्या हाताला मोठंच होतं, पण तोल असा की मूठ आपोआप मिटते. सहा घरं, सगळी रिकामी.

नमुन्यात नऊ रकाने आहेत. प्रकार, बनावट, बोअर, क्रमांक, साल, वजन वगैरे वगैरे, आणि नववा, अंदाजे किंमत. काकांच्या परवान्यावर काय लिहिलंय, तर 'रिवाल्वर, विलायती, एक नग'. ज्याने हे लिहिलं त्याला पेन्शन मिळत असेल.

रंभाबाई तांदूळ निवडायला ओट्यावर बसल्या होत्या. मी सहज दुपट्टा उघडून दाखवला आणि म्हटलं, याचे किती येतील हो बाई? त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "किंमत नोका इचारू बाई त्याची," म्हणाल्या. "तुमच्या काकानं जनमभर नाई इचारली." एवढं बोलून सूप तसंच टाकून घरी गेल्या. मला हसू आलं. किंमत न विचारता वस्तू जपणारी माणसं मला धंद्यात रोज भेटतात आणि आग लागल्यावर तीच सगळ्यात जास्त रडतात.

११ नोव्हेंबर

आज जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आले. डोकं उठलंय, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

परवान्याच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, बोअर आणि क्रमांक असल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गंजात गेलेत, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, तो मला मोजता येत नाही. मग बंदुकीच्या दुकानात जा म्हणाले. बंदुकीचा दुकानदार म्हणाला, ऑफिसचं पत्र असल्याशिवाय मी या हत्याराला बोटही लावणार नाही. परत ऑफिस. पत्र हवं असेल तर अर्जात बोअर लिहा. मी विचारलं, बोअर माहीत असता तर पत्र कशाला मागितलं असतं? साहेबांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि जेवायला गेले.

पाच तास पिशवी खांद्यावर. पट्ट्याचा वळ उठलाय, उजवा खांदा भरून आलाय. एवढ्याशा वस्तूने इतकं दुखावं म्हणजे माझी चाळिशी बोलायला लागली.

१४ नोव्हेंबर

शेवटी माणूस मिळाला. भद्रावतीच्या आयुध कारखान्याच्या वसाहतीत राहिलेले गुणवंतराव, बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढून निवृत्त झालेले. डोमाने ओळख काढून दिली. सकाळी दहाला गेले, तर त्यांनी टेबलावर पांढरं फडकं अंथरून ठेवलं होतं, वर्निअर, भिंग, खडूची पूड, सगळं मांडून. असं काम करणारा माणूस बघितला की माझा जीव निवतो.

त्यांनी अंगठ्याने डावीकडचा खटका दाबला, तशी नळी पुढे मोडून खाली झुकली आणि काडतुसं बाहेर ढकलणारी मधली चांदणी वर आली. वेब्ली, मार्क सहा. पहिल्या महायुद्धातलं, साल १९१७, दुसऱ्या युद्धातही अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं. सरकारी मालाची खूण म्हणून बाणाचं चिन्ह दाखवलं. बोअर मोजला, पॉइंट चार पाच पाच. मग अंकांवर खडूची पूड चोळून, तिरपा उजेड पाडून हरवलेले दोन आकडेही वाचून दिले. बायकोच्या स्वयंपाकघरातला काटा मागवून वजन केलं. एक किलो ऐंशी ग्रॅम. पुस्तकातही एवढंच असतं म्हणाले.

मी नवव्या रकान्याचं विचारलं. ते म्हणाले, "मी ओळख सांगतो मॅडम, किंमत नाई सांगत. परदेशात शौकीन लोक घेतात. आपल्याकडे हा बोअर खासगी माणसाले मनाईचा. इकता येत नाई, त्याची किंमत काय?" निघताना त्यांनी मला एकच विचारलं, पाठीत उसण भरली का, वाकून चालताय म्हणून.

रात्री हेमराजचा फोन. त्याने इंटरनेटवर बघितलंय, लंडनच्या लिलावात असलं रिव्हॉल्वर लाखांत जातं. मी म्हटलं इथे ते भंगार आहे. तो गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्यात आईच्या बांगड्या असतात. आईच्या बांगड्या मी मोडल्या आणि त्याला कमी दिले, असं त्याला सहा वर्षं वाटतंय. हिशेबाचा कागद दिला तरी वाटतंय.

१६ नोव्हेंबर

आठ रकाने भरून नेले. साहेब म्हणाले, नववा? मी म्हटलं, विक्रीला मनाई म्हणजे किंमत शून्य. म्हणाले, शून्य चालत नाही. दोन स्थानिक पंचांच्या सहीने किंमत लिहून आणा. मी वीस वर्षं मूल्यांकनाचं काम करते, असं सांगितलं. म्हणाले, वारसाचं मूल्यांकन चालत नाही. बरोबर आहे त्यांचं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

येताना एसटीत भांडण. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. मी एकटी आहे म्हटलं तर म्हणतो, "तुम्ही अन् मांगचे. दोन झाले ना." मागे वळून बघितलं, शेवटची सीट, मागे फक्त काच. मी आवाज चढवला, तेव्हा त्याने एक तिकीट परत घेतलं. पण उतरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याच्या थोडं वर.

१८ नोव्हेंबर

पाठ इतकी दुखतेय की आज छडा लावायचं ठरवलं. डोमाच्या मासळीच्या काट्यावर पिशवी टांगली. रिव्हॉल्वर एक किलो ऐंशी. पुन्हा टांगली, तेवढंच. मग राइस मिलमध्ये पोत्यांच्या काट्यावर मी स्वतः उभी राहिले, रिकाम्या हातांनी. माझं वजन गेली दहा वर्षं अठ्ठावन्न. आकडा आला शहात्तर.

मिलवाल्याला म्हटलं काटा बिघडलाय. त्याने निमूटपणे पन्नासाचं वजन ठेवलं, पन्नास. माझ्या साड्या ढिल्या झाल्यात, गालफडं बसलीत, आणि काटा शहात्तर म्हणतो. काटा बरोबर आहे तर चुकतंय काय? मला उत्तर न सापडणारी गणितं सहन होत नाहीत.

रंभाबाईंनी लसणाचं तेल गरम करून पाठीला चोळलं. चोळता चोळता थांबल्या, हात पुसला आणि बाहेर गेल्या. त्यांच्या हाताला काय लागलं ते सांगितलं नाही. बाहेर पडवीत त्या डोमाला हलक्या आवाजात सांगत होत्या की तेल पाठीला लागतच नाही, मधे गरम कपडा आल्यासारखं होतं.

२० नोव्हेंबर

पंच म्हणून इतवारींचं नाव सुचलं. ऐंशीच्या घरातले, पूर्वी बैलबाजारात दलाल. आजोबा लढाईवर जायच्या आधी त्याच धंद्यात होते, इतवारींच्या वडिलांचे भागीदार. वाटलं, आजोबांना ओळखणारा माणूस, जुन्या वस्तूंचा जाणकार, एक सही करून टाकेल.

सकाळी अकराला गेले. ते ओट्यावर बसले होते, उजव्या हातात काठी, डाव्या हाताने बकरीचं डोकं खाजवत. मी दुपट्टा मांडीवर ठेवला आणि सांगितलं. नाही म्हणाले. कागदावर आकडा हवाय फक्त, म्हटलं. नाही. का नाही, तर मान हलवायची. मला संताप आला. बैलबाजारात दुपट्ट्याखाली हात धरून बोटं दाबून किंमत सांगतात, बाजूच्याला कळू देत नाहीत, हे मी लहानपणी बाबांकडून ऐकलं होतं. मी तो दुपट्टा माझ्या हातावर पसरला, पुढे केला आणि म्हटलं, तोंडाने नको तर बोटांनी सांगा, किंमत किती?

दुपट्ट्याखाली माझा हात धरला गेला. थंड आणि ओला हात, तळवा मऊ. माझं पहिलं बोट त्याने मुठीत घेतलं आणि दाबलं. एक. पुन्हा दाबलं. एक.

मी म्हटलं, एक काय? एक हजार? आणि वर बघितलं. इतवारींचा उजवा हात काठीवर होता. डावा बकरीच्या डोक्यावर. ते माझ्याकडे बघत नव्हते, दुपट्ट्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

घरी कशी आले आठवत नाही. हातावर लाल वळ आहे, बोटाभोवती, अंगठीसारखा.

२१ नोव्हेंबर

आज इतवारी आपण होऊन आले. अंगणातच बसले, ओट्यावर चढले नाहीत. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते कागदावर बघायचं आहे.

आजोबा, म्हणजे दादाजी, ब्रह्मदेशच्या लढाईत खेचरांच्या तुकडीत होते. माघारीत जंगलात एक गोरा साहेब पडलेला भेटला, पायाचा चुरा झालेला. भाषा एकमेकांची येईना. आजोबांनी बाजाराची रीत वापरली. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला आणि बोटांवर सौदा केला. साहेबाने रिव्हॉल्वर द्यायचं. आजोबांनी त्याला पाठीवर घेऊन नदीपर्यंत न्यायचं. साहेब पटकन शिकला. एक बोट दाबलं. "एक म्हणजे एक माणूस, बाई," इतवारी म्हणाले. "हजार नाई."

रिव्हॉल्वर आधीच घेतलं. साहेबाला पाठीवर घेतलं खरं, पण नदी लांब होती आणि पाऊस. वाटेत पाणी पाजतो म्हणून खाली ठेवलं आणि मागे न बघता निघून आले.

घरी आले ते वाकलेले. चौदा वर्षं वाकून चालले. मग एका बाजाराच्या दिवशी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने थट्टेत विचारलं, दादा, तुझ्या त्या पिस्तुलाचे किती घेतले असते? "त्या घडीले दादाजी सरळ झाले. म्या डोयानं पाह्यलं. अन् भाऊ वाकला." आठव्या दिवशी भाऊ तलावाच्या गाळात पालथा सापडला, गुडघाभर पाण्यात. तेव्हापासून ते कोठीत. किंमत विचारणारा तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाने माल उचलायचा. भाऊ गेल्यावर कोणी विचारलं नाही, म्हणून ते ओझं लोखंडात बसून राहिलं.

मी विचारलं, नदी म्हणजे कुठली? इतवारी म्हणाले, त्यालेच मालूम.

मला या सगळ्याचा राग येतोय. सौदा मोडला आजोबांनी. मी फक्त रकाना भरत होते.

२४ नोव्हेंबर

काट्यावर शंभर. मिलवाल्याने पुन्हा चढू दिलं नाही.

नदी नाही तर पाणी तर आहे, म्हणून डोमाला म्हटलं, डोंग्यातून तलावाच्या पलीकडे ने. भर दुपारी निघालो, ऊन, पाण्यावर कमळाची पानं. मी बसले तसा डोंगा मागून खाली गेला. पाणी काठाला लागलं. डोमाने वल्हं थांबवलं. "बाई, हा दोघाईचा डोंगा नाई बसून राह्यला," म्हणाला, "तिघाईचा बसून राह्यला." पंधरा हातांवरून परत आणलं. उतरताना त्याने मला हात दिला नाही. नंतर रंभाबाईंकडून निरोप पाठवला की रागावू नका.

रागावले नाही. मीही दिला नसता.

२६ नोव्हेंबर

बसले की मांड्यांच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी लोंबतं. एक बाजू जड. दुसरी, पाय असायला हवा तिथे, हलकी आणि ओली.

साडीच्या पाठीवर ओलं. धुते. पुन्हा ओलं.

२७ नोव्हेंबर

हेमराजचा फोन. मी येतो म्हणाला, बघतो, फोटो काढून लंडनला पाठवतो. मी म्हटलं येऊ नको. का, म्हणाला. म्हटलं, काही विचारू नको, फक्त येऊ नको. चूक केली. त्याला यापेक्षा मोठं आमंत्रण नाही. म्हणाला, "ताई, बांगड्यांच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस." फोन ठेवला.

पाच वर्षांचा होता तेव्हा मी त्याला पाठुंगळीला घेऊन शाळेत न्यायचे. चिखल असला की. आठवण कशी आणि कधी येते बघा.

पण आता मार्ग सापडलाय. वस्तूच घरात नसेल तर तो काय विचारणार? नको ते मूल्यांकन. सरकारजमा करून टाकते.

२९ नोव्हेंबर

केलं. ऑटोने भद्रावती, एसटीने पुढे. ऑटोची मागची चाकं दबली, ऑटोवाला उतरून बघत राहिला.

टेबलापर्यंत भिंत धरून गेले. साहेबांनी पहिल्यांदाच खुर्ची दिली. नमुना बघितला. आठ रकाने, क्रमांक, बोअर, गुणवंतरावांची तपासणीची चिठ्ठी, सगळं बरोबर. त्यांचं पेन नवव्यावर आलं. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. त्या क्षणी मला वाटलं, विचारा. साहेब, तोंडाने विचारा, किंमत किती. दोन शब्द. तीन आठवडे माझा जीव खाल्लात या रकान्यासाठी, आता विचारा.

ते म्हणाले, जमा करायचं असेल तर हा रकाना लागत नाही. रेघ मारली.

पावती मिळाली. वेब्ली मार्क सहा, एक नग, जमा. गुन्हा नाही, लायसन्स वाचलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि पाठ हलकी व्हायची वाट बघितली.

एक तास बघितली.

३० नोव्हेंबर

गेलं नाही. लोखंड गेलं, हा नाही.

आज हात वर आले. आधी खांद्यांवर होते, आता गळ्यापुढे, बोटांत बोटं अडकवून. लहान मूल पकडतं तसे. आवाज फुटत नाही. रंभाबाईंना हाक मारायला गेले, नुसती हवा.

कानाशी श्वास. त्याला भाषा येत नाही. माझं पहिलं बोट दाबतो. एक. एक. एक. कळलंय रे मला.

१ डिसेंबर

रांगत माठापर्यंत. रंभाबाई दाराशी जेवण ठेवून जातात, दुरून. डोळ्यांत पाणी त्यांच्या. बोलत नाहीत. बोलताना चुकून किंमत निघेल म्हणून

हेमराजला मेसेज केला. रिव्हॉल्वर जमा केलं. येऊ नकोस. पावतीचा फोटो पाठवला.

उत्तर आलं: कोणाला जमा? मला न विचारता? उद्या सकाळी पोचतो.

फोन लावला, बोलता येईना. त्याला वाटलं मी मुद्दाम गप्प आहे. ठेवला. मग बंदच.

२ डिसेंबर

हेमराज, हे पान खिडकीच्या गजांत लावणार आहे. घरात येण्याआधी वाच. माझ्या तोंडातून आवाज निघत नाही म्हणून लिहितेय, नाटक नाही. रिव्हॉल्वरबद्दल एक शब्द विचारू नको. आकडा विचारू नको. बांगड्या घे, हे घर घे, सगळं तुझ्या नावाने लिहून देते, फक्त ते विचारू नको. इतवारींकडे जा, ते सांगतील. नाहीतर हा तुझ्या पाठीवर

ऑटो थांबला.

उठता येत नाहीये. खिडकी चार हात. सरकतेय. वही हातात

अंगणात आला. चपला काढतोय. ओट्यावरूनच बोलतोय, रागात. तीन वर्षांनी दिसतोय, केस पिकलेत त्याचे.

दारात. मला बघून थबकला. ताई, हे काय झालं तुला, म्हणतो. मी मान हलवतेय. वही दाखवतेय. हातातली वही बघतच नाही. पावती बघतो. भिंतीला टोचलेली पावती

नको. वाच आधी. वही वाच. हेमू

हातात घेतली. पावती उलटी करून बघतोय, मागे आकडा आहे का म्हणून. नाही तिथे. कुठेच नाही. मान हलवतेय मी. नको नको

विचारलं.

"कितीले देल्लं, ताई?" आजोबांच्या त्या भावासारखं, गावच्या बोलीत, थट्टेत. मला हसवायला

सुटले.

गळा मोकळा. बोटं सुटली, एकेक. पाठ सरळ होतेय, मणक्यांचा आवाज येतोय. हवा. किती हवा असते घरात.

हेमू उंबऱ्यावर बसलाय. उठता येत नाही म्हणतो. मागे वळून बघतोय. ताई, मागून कोणी हात

मला आवाज आलाय. मी परत घेऊ शकते. दोन शब्द विचारायचे त्याला, किंमत किती, आणि ते माझ्याकडे परत. विचारणार आहे. लहानपणी मीच घ्यायचे त्याला पाठीवर, मीच विचारणार. फक्त एक श्वास घेते पुरता. एकच.

आता विचारते. अजून एक श्वास, आणि मग

अजून एक.